एक गाडी, दोघांच्या स्प्रिंगा

रवि., १० जाने. ९९
आज पुन्हा टेकडीवर उलटले. म्हणजे गाडी उलटली. कॉम्प्युटरवरच्या कार-रॅलीच्या खेळातला चौथा रस्ता, शेवटी चढ, पलीकडे नुसतं आभाळ. गाडी हवेत जाते, नाकावर आपटते, कोलांटी. अवी म्हणतो, स्पीड जास्त आहे तुझा. स्पीड कमीच करायचा तर इथल्या आमलीच्या गर्दीच्या बाजारातून स्कूटर चालवावी की. ऑफिसातला जुना कॉम्प्युटर घरी आणला तेव्हा नवरोबा रिपोर्ट टाइप करणार होते. अजून एक ओळ नाही.

नाशिकचा विषय काढला. औषधांच्या लॅबमधली नोकरी, माझ्या एम.एस्सी.ला साजेसं काम, महिनाअखेर हो-नाही कळवायचंय. "बघू" म्हणाला. त्याला इथे इन्चार्ज करणार आहेत, माहितीये मला. पण बघू म्हणजे काय? चिडले.

मंगळ., १२
अवी सेकंड शिफ्टला. मी खडोलीच्या फॅक्टरीतून सहाला परत येते तेव्हा तो गेलेला असतो. सकाळी तो खेळतो, संध्याकाळी मी.
खेळातल्या गाडीच्या सेटअपमध्ये शिरले. स्प्रिंगा फार कडक, म्हणून गाडी जमिनीला लागली की चेंडूसारखी उसळते. दोन घरं मऊ केल्या. उलटली, पण जरा उशिरा. हेही नसे थोडके.

गुरु., १४
आज गाडीचं पोटच जमिनीला टेकतंय. म्हशीसारखी बसते ती उठत नाही. माझं जास्त झालं बहुतेक. तीन घरं कडक केल्या.
अवीशी दोन दिवसांतलं बोलणं: दूध संपलंय. गॅसवाला आला नाही.

शनि., १६
आता बेडूक. उडी, उडी, उडी, दरीत. एवढं कडक मी खरंच केलं नव्हतं.

सोम., १८
फॅक्टरीत प्लॅस्टिक फिल्मची जाडी परत गडबडली. परवा जाड, आज पापडाहून पातळ. धुळ्याचे पवार सुपरवायझर म्हणाले, "मॅडम, फस्टवाल्यांनी बी कमी केली, आम्ही बी कमी केली. डबल झालं." नेहमीचं रडगाणं. जाणारी शिफ्ट येणाऱ्याला सांगत नाही, येणारा तेच पुन्हा दुरुस्त करतो. सगळ्यांना झापलं, छान तोंडसुख घेतलं.

बसमध्ये डोक्यात प्रकाश पडला. स्प्रिंगा मी मऊ केल्या, सकाळी त्यानेही केल्या. मग मी कडक, तोही कडक. लाज वाटली आणि हसू आलं. शेजारची बाई बघायला लागली.

रवि., २४
दोघांना सुट्टी. अवी आधी कबूल करेना, "मी फक्त थोडंसं केलं होतं." थोडंसं म्हणे!
अट घातली: एकाने हात लावायचा, दुसऱ्याने गप्प बसून बघायचं. स्प्रिंगा मधोमध. गाडी जमिनीपासून उंच. उसळी दाबणारे शॉकअब घट्ट. तरी नाक खालीच. मग अवीने पकडलं, मी हवेत असताना घाबरून ब्रेक दाबते. ब्रेक सोडला, चाकं सरळ ठेवली आणि

उतरली! एकदा खाली दबली, एकदा वर आली, चालली सरळ. अवीने पाठीत अशी थाप मारली की चहा कीबोर्डवर. कितीतरी दिवसांनी एकत्र हसलो. या माणसाशिवाय मला कुठेच राहायचं नाही, हे अगदी स्पष्ट कळलं. नाशिकचं नाव त्यानेही काढलं नाही, मीही नाही.

बुध., २७
लंचमध्ये एसटीडी बूथ. नाशिकला नाही म्हणून कळवलं. तिथल्या बाई म्हणाल्या, बरं, मग दुसऱ्या मुलीला विचारते. बाहेर येऊन थोडं रडले. मला ती लॅब हवी होती. अवीला रविवारी सांगेन, निवांत.

शुक्र., २९
अवी लवकर घरी. हातात पेढे. मला वाटलं, झाला इन्चार्ज. अभिनंदन म्हणणार तेवढ्यात,
"राजीनामा दिला. तुझी लॅब कशाला सोडायची? मी शोधीन नाशिकला काहीतरी."

हातातला पेढा तसाच ठेवला. कसंबसं सांगितलं, बुधवारीच नाही म्हणून बसलेय. त्याने पुडा बंद केला.
"मला विचारायचंस तरी."
"आणि तू?"

मला त्याचा भयंकर राग आला होता आणि त्याला घट्ट धरून बसावंसं वाटत होतं. त्याचे साहेब राजीनामा परत देतील का, माहीत नाही. त्या दुसऱ्या मुलीने हो म्हटलं असेल का, तेही माहीत नाही.

उद्या बूथ साडेनऊला उघडतो. दोघांनी जायचं एवढं ठरलं. आधी फोन कुठे लावायचा, नाशिकला की त्याच्या साहेबांना, ते नाही.