सरावाचा हात

१७ एप्रिल १९७३
आले एकदाची! एस.टी.नं अकोले गावाच्या पुढं फाट्यावर सोडलं, तिथून पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन मैलभर चालले. घरची सगळी दुष्काळी कामावर खडी फोडताहेत; मी मात्र जूनमध्ये नगरला नर्सिंगला जाणार! सलाईन लावता येतं असा दाखला विष्णुपंत डॉक्टरांनी दिला की प्रवेश पक्का. त्यांच्या पत्नी दमयंतीबाईंनी गरम भाकरी-पिठलं वाढलं. वाढताना माझ्या हाताच्या शिरा बघून छान आहेत म्हणाल्या. कशाचंही कौतुक करतात बाई!

२० एप्रिल
सुया उकळायला शिकले. उकळलेली सुई कापसावरून ओढायची. कापूस अडकला तर टोक वाकलंय, दगडावर घासायची. दंडाला रबरी नळी आवळायची, दोन बोटांनी टिचक्या मारून शीर उठवायची. रोग्यांवर शिकू नये, असं डॉक्टर सांगतात. रोगी ओरडतो आणि दवाखान्याचं नाव जातं. म्हणून सरावाला मागच्या खोलीत मालनबाई ठेवलीय. बेवारस आहे, कमरेखाली लुळी. केस कापलेले, हात काळेनिळे. आज सात वेळा टोचलं, आठव्यांदा रक्त आलं. म्हातारी हूं की चूं करत नाही. बरंय माझं.

२ मे
आता दुसऱ्या टोचण्यात जमतं. आज मात्र शीर सापडेना. मी चिडले, मूठ नीट आवळ म्हणून तिला दटावलं. तर तिनंच दुसऱ्या हातानं, दोन बोटांनी टिचक्या मारून नेमकी जागा दाखवली. पुटपुटली, ‘हितं घे. लई उभी धरू नको सुई.’ अडाणी बाईला हे कुठून ठाऊक?

९ मे
चादर बदलताना तिच्या उशीखाली कागद सापडला. नर्सिंगच्या प्रवेशाचं पत्र, मागच्या वर्षाचं. नाव पुष्पावती, वय एकोणीस. एकोणीस! ती म्हणाली, ‘मी बी शिकायाच आल्ते. माज्या आदी एक हुती, तिच्यावर शिकले. ती मेली. मग मला ताप हाय म्हनून बाटली लावली, अन् पायच गेले.’ श्रीरामपूरला भावाला कार्ड टाक, म्हणून तिनं हात जोडले. तिनं पत्ता सांगितला, मी कार्डावर लिहून घेतला.

१० मे
कार्ड टाकलं नाही. दाखल्यावर सही पाच दिवसांनी आहे. बोभाटा झाला तर डॉक्टर सही कशाला करतील? मला खडी फोडायला परत जायचं नाही. सही झाली की पहिलं काम तेच. कार्ड याच वहीत ठेवलंय. आज तिच्याकडे न बघता टोचलं, पहिल्याच खेपेला जमलं. लाज वाटली. आनंदही झाला.

१४ मे
पुष्पावती सकाळी गेली. कुठंच शीर मिळेना— पायात नाही, मानेत नाही— मीच टोचत होते. डॉक्टर हात धुताना म्हणाले, हा सरावाचा हात संपला. उद्या सही करतो.

१५ मे
सही झाली. दाखला माझ्याजवळ आहे. पेटी भरली. दमयंतीबाई म्हणतात, अंग गरम लागतंय, एक बाटली लावून दुपारच्या गाडीनं जा. नको म्हटलं. त्यांनी कडी घातली. डॉक्टर आले—

तारीख माहीत नाही
दोघांनी धरलं. डॉक्टरांना दुसऱ्यांदा टोचावं लागलं नाही.
पाय आहेत, पण कळत नाहीत. केस कापले. वही आणि दाखला उशीखाली लपवलाय. मला मालनबाई म्हणतात.

जून असेल
नवी आलीय. राही. बाहेर भाकरी खाताना हसत होती. मला अकरा वेळा टोचलं.
तिला सगळं सांगितलं. दाखला दाखवला. आईच्या नावाचं कार्ड तिच्या हातात दिलं. तिनं ऐकून घेतलं, रडली. गोड आहे पोर.

—
चार दिवस झाले. कार्डाचं विचारलं. खाली बघत म्हणाली, ‘टाकते ना ताई. सही तेवढी होऊ द्या.’
सुई उकळतेय. आज कापसावर बघ म्हणून सांगीन— जागा मीच दाखवीन, म्हणजे एकदाच टोचावं लागेल—
आली.
पुष्पावती, तुझं कार्ड अजून माझ्या वहीत—