ब्रॅनफील्डच्या अकरा हजार खुर्च्यांची पेटी

मी, अनास्तासिया ऊर्फ नेटी डोरोश, कै. पीटर डोरोश यांची पत्नी, वय वर्षे ७९, राहणार ब्रॅनफील्ड, सस्कॅचेवान, आज माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. माझी शुद्ध ठिकाणावर आहे. फुप्फुसं दमली आहेत, डोकं नाही. माझ्यावर कोणाचंही दडपण नाही. दडपण आणायला दोघं आले होते, त्यांना कॉफी पाजून परत पाठवलं. माझं आधीचं मृत्युपत्र रद्द समजावं. ते लिहिलं तेव्हा माणसांबद्दल माझं मत बरं होतं.

कलम १. राहतं घर आणि त्यातलं सामान माझी एकुलती एक मुलगी लॅरिसा हिला मिळावं. तळघरातल्या फ्रीजरमध्ये मी वळून ठेवलेले बटाट्याचे वारेनिकी, म्हणजे आमच्या उकडलेल्या करंज्या, आहेत. ते ती फेकून देईल हे मला ठाऊक आहे, म्हणून ते चर्चच्या हॉलमध्ये जेवणाला द्यावेत. जुनं हॉकी स्टेडियम पाडलं तेव्हा लिलावात घेतलेल्या दोन खुर्च्याही तिथेच द्याव्यात. बसायला त्या कधीच आरामाच्या नव्हत्या, पण म्हाताऱ्यांना तेवढ्या चालतील.

कलम २. या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझे धाकटे दीर वॉल्टर डोरोश यांनी करावी. आम्ही एकोणतीस वर्षं एका टेबलावर जेवलेलो नाही. नाताळात मी होलुब्ची, म्हणजे भात भरलेल्या कोबीच्या गुंडाळ्या, पाठवते, तो डबा धुऊन परत पाठवतो, आत चिठ्ठीसुद्धा नसते. तरीही हे काम त्यांनीच करावं, कारण या गावात मला वेळेवर शहाणपणाचा प्रश्न विचारणारा तो एकटाच निघाला.

कलम ३. हे कलम मालमत्तेचं नाही, पण हे वाचल्याशिवाय पुढचं कळणार नाही.

ब्रॅनफील्ड हार्वेस्टर्स या आमच्या बर्फावरच्या हॉकीच्या व्यावसायिक संघाच्या तिकीटखिडकीत मी पंचवीस वर्षं बसले. आमच्याकडे हंगामाच्या खुर्च्या, म्हणजे सगळ्या सामन्यांसाठी राखलेल्या जागा, बापाकडून लेकाकडे जात. घटस्फोटात लोक मुलांवरून भांडत, मग गाडीवरून, आणि शेवटी खुर्च्यांसाठी कोर्टात जात. प्रत्येक खुर्चीचं कार्ड माझ्या हस्ताक्षरातलं.

१९९६ च्या हिवाळ्यात संघाचा मालक वेंडेल क्रॉली म्हणाला की संघ तोट्यात आहे. खेळाडूंचा पगार अमेरिकन डॉलरमध्ये, तिकिटाचा पैसा आपल्या डॉलरमध्ये, आणि आपला डॉलर तिकडे पाऊणही भरत नाही. हे खरंच होतं. पण बिअर, हॉटडॉग आणि गाड्या लावायच्या जागेचा सगळा पैसा त्याच्याच दुसऱ्या कंपनीत जात होता, हे त्याने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. पुढच्या हंगामाच्या अकरा हजार खुर्च्यांची अनामत जमा झाली तर संघ इथेच राहील, असा त्याने शब्द दिला.

मग मी निघाले. उणे तीस अंशांत, दारोदार. वॉल्टरने नव्या पेरणीयंत्रासाठी पैसे बाजूला ठेवले होते.

"वहिनी, त्याने लेखी दिलंय का?" त्याने विचारलं.

"अरे, गावातला माणूस आहे. त्याच्याकडे काय लेखी मागायचं? बरं दिसतं का ते?"

"मला बरं दिसेल."

"तुला कसलीच हौस नाही, बाबा. पीटर असता तर सहा खुर्च्या घेतल्या असत्या."

गेलेल्या भावाचं नाव काढल्यावर त्याने चार खुर्च्या घेतल्या. पेरणीयंत्र त्या साली आलं नाही.

अकरा हजार चारशे वीस खुर्च्या भरल्या. यादी मी स्वतः टंकलिखित करून क्रॉलीच्या हातात दिली. दीड महिन्यात संघ दक्षिणेतल्या एका शहराला विकला गेला, जिथे बर्फ फक्त सरबतात असतो. तिथल्या लोकांनी त्याला फुकटात स्टेडियम बांधून देऊ केलं होतं, आणि आमची यादी दाखवून त्याने बोली वाढवून घेतली होती. या आडगावात इतके लोक थंडीत पैसे भरतात, तर तुमच्याकडे किती भरतील! गाय बाजाराला न्यायच्या आधी धुऊनपुसून, शिंगं रंगवून देतात ना, ते काम आम्ही केलं, आणि वर तिच्या गळ्यात पडून रडलोही. अनामत नाताळापर्यंत परत मिळाली. व्याज नाही, दिलगिरीही नाही.

कलम ४. यादी घ्यायला आला तेव्हा वेंडेल क्रॉलीने मला चॉकलेटचा डबा दिला होता. "नेटी, तुझ्यासारख्या माणसांमुळे हे गाव आहे," असं म्हणाला होता. तो डबा मी उघडलेला नाही. क्रॉली हयात असल्यास तो त्याला पोचवावा आणि पोच घ्यावी.

कलम ५. आता त्या खुर्च्यांच्या कार्डांची पेटी. ती मला माझ्या लेकीपासून वाचवायची आहे, हे लिहिताना जिवाला लागतं.

लॅरिसा सध्या ग्रँट हॅलिडे नावाच्या गृहस्थांच्या मंडळात आहे. नवं स्टेडियम बांधायचं, जमीन नगरपालिकेची, कर्जही नगरपालिकेचं, आणि ऑन्टारियोतल्या टर्नक्लिफ गावचा संघ उचलून इथे आणायचा. त्यासाठी आमच्या गावातून दहा हजार खुर्च्यांची अनामत हवी. ती जमली नाही तर बँक हॅलिडेला उभं करणार नाही आणि संघ टर्नक्लिफलाच राहील.

"आई, हट्ट सोड गं. लोक आमच्यावर विश्वास ठेवत नाहीत. तुझ्या अक्षरातलं कार्ड दाखवलं की लगेच भरतील."

"म्हणूनच नाही देणार."

"तुला हॉकी परत नकोय?"

"हवीय. रोज हवीय. पण कोणाच्या तरी घरातून उचलून आणलेली नकोय."

"मग बस एकटी टीव्हीसमोर. सगळं गाव पुढे जाईल आणि तू त्या खोक्याला कवटाळून बसशील."

माझीच मुलगी ती, जीभ कोणावर जाणार?

गेल्या शुक्रवारी मी टर्नक्लिफच्या तिकीटखिडकीला गिऱ्हाईक म्हणून फोन केला. मॉरीन नावाच्या बाईने उचलला. आवाज दमलेला, पण खुशीतला. "घ्या ना आजी! आठवड्याभरात नऊ हजार भरायच्यात. भरल्या की आमचा संघ कोणी हलवू शकत नाही. मालकांनीच सांगितलंय." मी दोन तिकिटं घेतली आणि फोन ठेवला. तिचा आनंद मोडायला जीभ रेटली नाही.

सबब, ही पेटी माझ्या पश्चात वॉल्टर यांनी त्यांच्या शेतातल्या पिंपात जाळून टाकावी.

इथवर लिहिलं आणि साक्षीदार आले. त्यांतले लॉइड फ्रीसेन यांनी जुन्या स्टेडियमचा बर्फ तीस वर्षं गोठवला. त्यांनी कलम ५ दोनदा वाचलं.

"नेटी, मृत्युपत्र माणूस मेल्यावर उघडतात. त्या बाईची मुदत या शुक्रवारी संपतेय."

"मला कळतं ते."

"मग लाव फोन. मी नंबर फिरवतो."

मी मॉरीनला सगळं सांगितलं. मालकाकडून दहा वर्षं संघ न हलवण्याचा कागद घे, तोवर पैसे नगरपालिकेच्या खात्यात ठेव, आणि त्याची सही होईपर्यंत यादी देऊ नकोस.

"आजी, यादी मी काल संध्याकाळी दिली," ती म्हणाली. "मुदतीच्या आधीच नऊ हजार चारशे झाल्या. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या."

मी शुक्रवारी तोंड उघडलं असतं तर यादी तिच्याच टेबलावर असती. तिचं चुकलं ते अजाणता. मला सगळं ठाऊक होतं आणि मी दोन तिकिटं घेऊन गप्प बसले. माझा मला इतका राग कधी आला नव्हता.

तरी कलम ५ मधलं पेटी जाळण्याचं वाक्य रद्द. त्याऐवजी असं करावं: पेटीतलं प्रत्येक कार्ड त्या त्या घरी, माणूस नसेल तर त्याच्या वारसाला, टपालाने पाठवावं. मागे एवढंच छापावं: 'जो तुमची सही मागायला येईल, त्याची सही आधी घ्या.' टपालाचा खर्च माझ्या बँकेतल्या ठेवीतून करावा; उरेल ते लॅरिसाचं. फारसं उरणार नाही. तिने रागवावं, तो तिचा हक्क आहे.

हे काम माझ्या मरणासाठी थांबवू नये. पेटी वॉल्टरने उद्या सकाळी येऊन न्यावी. मी चार दिवस थांबले, तेवढं पुरे झालं.

ठिकाण: ब्रॅनफील्ड, सस्कॅचेवान
मंगळवार, दि. ११ मार्च २०२५

(सही) अनास्तासिया डोरोश

आमच्या दोघांच्या देखत, खाडाखोड स्वतः करून, त्यांनी वरील सही केली:

१. (सही) लॉइड फ्रीसेन, निवृत्त बर्फ कारागीर
२. (सही) बेव्हर्ली ओकेमॉ, शेजारीण