फिरवायच्या बटणांची शेगडी

प्रिय भुंग्या,

तुझा मेसेज मिळाला. "ताई, शेगडी परत का पाठवलीस?" आणि पुढे प्रश्नचिन्हांची रांग. तू एवढ्यावर थांबला असतास तर मीही फोनवर दोन शब्द सुनावून गप्प बसले असते. पण खाली आणखी एक ओळ होती, "एवढा अभ्यास करून निवडलं होतं, निदान मला विचारायचं तरी." विचारायचं! ते वाचून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. फोनवर मी बोलायला लागले की तुझी कुठली तरी मीटिंग सुरू होते, म्हणून लिहायला बसलेय. आता शेवटपर्यंत वाच.

तुझं श्रेय मी नाकारत नाही. आईने दूध तापत ठेवलं आणि ती गॅलरीत जाऊन बसली, भांडं जळून कोळसा झालं. मग एकदा पुसायचं फडकं पेटलं. तेव्हा मी घाबरून तुला फोन केला आणि तू क्षणाचाही विचार न करता म्हणालास, "आपण स्वयंपाकघरच नवं करून टाकू." मला भरून आलं होतं रे. वाटलं, लांब असला तरी पोरगं लक्ष ठेवून आहे. तसाही नळाखालचा लाकडी भाग कुजला होता, ओट्याची फरशी हलत होती. मलाही सगळं लवकर उरकायला हवं होतं. मग तू कामाला लागलास. कुठल्या शेगडीला किती तारे, कुठला फ्रीज आवाज करत नाही, कुठला ओव्हन नुसतं बोललं तरी ऐकतो, सगळ्याचे तक्ते पाठवलेस. "दर्जाच्या बाबतीत तडजोड नको, ताई" हे तर इतक्यांदा म्हणालास की शिवणयंत्रावर बसले तरी मला तेच ऐकू यायचं. त्या तक्त्यांमध्ये सगळं होतं. आईला काय हवंय, एवढा एकच रकाना नव्हता.

काम चाललं होतं तोवर आम्ही दोघी शेजारच्या काकूंकडे चूल मांडून होतो. सगळं बसवून झाल्यावर मी आईला मोठ्या हौसेने आत नेलं. काळी काचेची शेगडी, ओट्यात बुडालेली, तिला ना बटण ना बर्नर. फ्रीज कपाटांच्या रांगेत असा लपवलेला की दांडीसुद्धा नाही, दार दाबलं की उघडतं. भांडी धुण्याचं यंत्रही तसंच, कपाटासारखं. आई दारातच उभी राहिली. हात पदराला पुसले आणि अगदी परक्याच्या घरी बोलतात तशा हळू आवाजात मला म्हणाली, "छान आहे हो यांचं स्वयंपाकघर. आपण कधी निघायचं?"

मी हसण्यावारी नेलं. म्हटलं, सवय होईल. दुसऱ्या दिवशी ती चहा करायला गेली. काचेवरून हात फिरवला, तिला तो ओटाच वाटला. तिने तिथे भाजी चिरायला घेतली. बोट कुठे तरी लागलं आणि शेगडी टुंईऽ टुंई करून ओरडली. आई दचकून मागे सरली आणि शेगडीला म्हणाली, "हो, हो, चुकलं, नाही हात लावत." अरे, जिने आपल्या दोघांचे शाळेचे डबे त्या जागेवर उभं राहून भरले, ती बाई एका काचेची माफी मागत होती!

त्याच आठवड्यात मला दवाखान्यात जायचं होतं. कशाला, ते पुढे सांगते. तेव्हा काकू येऊन बसल्या होत्या. मी परत आले तर काकूंचा चेहरा उतरलेला. आई दूध ठेवायला फ्रीज शोधत होती म्हणे. एकेक दार दाबून बघितलं, आणि शेवटी दुधाचं भांडं त्या भांडी धुण्याच्या यंत्रात ठेवून दार लावून घेतलं. काकूंनी सांगितल्यावर कानकोंडी झाली बिचारी. त्यानंतर तिने आत पाऊल टाकणंच सोडलं. दाराशी स्टूल घेऊन बसायची. पाणी हवं असलं तरी मला हाक मारायची. तोपर्यंत विसरत होती, नाही असं नाही. पण कांदा हातात दिला की तिची सुरी बरोबर चालायची. मीठ किती ते डोक्याला आठवत नसेल, चिमटीला आठवायचं. नव्या स्वयंपाकघराने पंधरवड्यात तिचं तेवढंही काढून घेतलं.

हे मी तुला फोनवर सांगितलं तेव्हा तू काय म्हणालास, आठवतंय? "ताई, माहितीपुस्तक नीट वाचून तिला समजाव ना." आणि वर, "तिला आता करायची गरजच काय? बसू दे की आरामात." आरामात! दाराशी स्टुलावर बसून आपल्याच घरात कोणी तरी पाणी देईल म्हणून वाट बघणं, याला तू आराम म्हणतोस? तू मागवलेल्या वस्तू वाईट नव्हत्या. त्या दुसऱ्या कुणाच्या तरी घरासाठी चांगल्या होत्या. आपल्या घरात राहतं कोण, हे विसरून केलेल्या निवडीला मी दर्जा म्हणणार नाही, मग तुझे तारे किती का असेनात.

म्हणून मी कुणाला न विचारता दुकान गाठलं. आईलाही बरोबर नेलं. दुकानातला पोरगा चुणचुणीत होता, पण फक्त माझ्याशी बोलत होता. मी सांगितलं, मला फिरवायच्या बटणांची शेगडी हवी, ज्योत डोळ्यांना दिसली पाहिजे, ज्योत विझली तर गॅस आपोआप बंद झाला पाहिजे आणि ठरावीक वेळाने शेगडी स्वतःहून बंद पडली पाहिजे. तो म्हणाला, "मॅडम, असं मॉडेल आहे एक, पण ते जुन्या पद्धतीचं आहे. आता कुणी घेत नाही. आजींना काय, तुम्हीच वापरणार ना?" मी तोंड उघडायच्या आत आई त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. "मला विचार. स्वयंपाक मी करते," म्हणाली. पोरगा वरमला. मग तिने मांडलेल्या एकेका शेगडीचं बटण फिरवून पाहिलं. ही फार सैल आहे, लहान मुलाच्या हाताने चालू होईल. ही इतकी घट्ट, की मनगट मोडेल. एका शेगडीपाशी मात्र थांबली. दाबून फिरवलं, टक्‌ आवाज झाला, पुन्हा फिरवलं, पुन्हा टक्‌. "ही," म्हणाली. मग माझ्या कानाशी येऊन, "भांड्याचा स्टँड जड आहे. मोठं पातेलं कलंडणार नाही." भुंग्या, कितीतरी महिन्यांनी मी तिला इतकं ठाम बोलताना ऐकलं. दुकानातच मला रडू फुटलं. त्या पोराला वाटलं, शेगडी आवडली नाही.

फ्रीजही तिनेच निवडला, पांढरा, लांब दांडीचा. उघडल्यावर आत लख्ख उजेड पडतो, तेवढं तिला पुरेसं आहे. भांडी धुण्याचं यंत्र काढून तिथे उघड्या फळ्या केल्या. डबे समोर दिसतात. ओव्हन ठेवलाय, उगीच सगळंच परत करून तुझा अपमान करायचा नव्हता. परवा आईने मला चहा करून दिला. त्यात साखरेऐवजी मीठ होतं. मी सगळा प्यायले आणि वर "फक्कड" म्हटलं. तिने भुवया उंचावून माझ्याकडे पाहिलं, "खोटं बोलतेस, तोंड बघ कसं झालंय" म्हणाली, आणि दुसरा ठेवला.

आता दवाखान्याचं. माझ्या पोटात गाठ आहे. बरेच दिवस दुखत होतं, मी शिवणयंत्रावर वाकून बसण्यामुळे असेल म्हणून अंगावर काढत राहिले. डॉक्टर म्हणतात, ती काढावीच लागेल, आणि कसली आहे ते काढल्यावरच कळेल. पुढच्या महिन्याच्या सुरुवातीला मला भरती व्हायचंय, घरी आल्यावरही बरेच आठवडे वजन उचलता येणार नाही. आईला अजून सांगितलं नाही, सांगून ती रोज नव्याने घाबरेल. तेव्हा तू ये. कुणी तरी बाई ठेवू, पैसे पाठवतो, कॅमेरा बसवू, यातलं काही सुचवू नकोस, मी ऐकून घेणार नाही. त्या ओट्याशी आता तू उभा राहायचंस. तिच्या हातात कांदा द्यायचास, चूक झाली तर हसायचंस, आणि शेगडी पेटवताना तिचा हात तिलाच पुढे करू द्यायचास. मला भीती वाटतेय, ते तुझ्याशिवाय सांगणार कुणाला? आणि एक. दारातून आत आल्यावर तिला "मला ओळखलंस का?" असं विचारू नकोस. नुसतं म्हण, "भूक लागलीय." पुढचं तिला कळतं.

अजून रागावलेली, तरीही तुझीच,
ताई