पेट्रोलच्या टाकीचं झाकण

आई, मी विमानातून पडलो. म्हणजे विमानासकट खाली आलो, एका शेतात. हातपाय शाबूत आहेत. तू जाऊन सव्वीस वर्षं झाली, तेव्हा घाबरायचं तुला कारण नाही, पण विमान आणलंस कुठून, हे तू आधी विचारशील. ते आम्हीच बनवलं, सहा वर्षं खपून. दिलसुखनगरला एक मोटार मेकॅनिक आहेत, माझ्याहून वडील. माझी गाडी दुरुस्त करता करता मैत्री झाली. मी नेलेली ड्रॉइंगं पाहून मला वेड्यात काढत ते म्हणाले होते, "साब, आप हौले हैं. कब शुरू करना?" पाइपांचा सांगाडा, वर ताणलेलं कापड आणि खुर्ची एकच, कारण तुझी सून म्हणाली, घरात एक वेडा पुरे. बँकेतून रिटायर झालेली माणसं पारायणं करतात, मी उडायचं लायसन्स काढलं.

आता तुझं बरकतपुऱ्यातलं स्वयंपाकघर आठव. दुधाच्या रिकाम्या पिशव्या धुऊन तू दोरीवर वाळत घालायचीस आणि त्यांचे चौकोन कापून लोणच्याच्या बरणीच्या झाकणाखाली दाबून बसवायचीस. एकदा मी झाकण नुसतंच टेकवून खेळायला पळालो आणि लोणच्याला बुरशी आली. तू ओरडली नाहीस. अख्खी बरणी माझ्यासमोर ओतून टाकलीस आणि आठ दिवस माझ्या ताटात लोणच्याच्या जागी चिमूटभर मीठ वाढलंस. त्यानंतर मी आयुष्यात एकही झाकण सैल सोडलेलं नाही. बँकेत माझा डबा उघडायला शिपायाला बोलवावं लागायचं.

तर विमानाच्या टाकीच्या झाकणाला एक बारीक भोक असतं. पेट्रोल कमी होईल तशी त्यातून हवा आत यावी म्हणून. हे मला पाठ होतं, परीक्षेत लिहिलंही होतं. पण त्या दिवशी उडण्याआधी विमान जमिनीवर पळवून पाहताना भोकातून पेट्रोल हिंदकळून काचेवर उडत होतं आणि डोक्याच्या आधी हात चालला. दुधाची पिशवी सापडली, चौकोन कापला, झाकणाखाली घातला, झाकण पिळून घट्ट केलं. उडाल्यावर बारा मिनिटांनी इंजिन खोकतं, पुन्हा खोकतं आणि गप्प होतं. खालचं कुत्रं भुंकलेलं ऐकू येतं. रामरक्षा आठवावी, तर तुझं वाक्य आठवतं: फाटका बनियन घालून बाहेर जाऊ नकोस, कुठे पडलास तर लोक काय म्हणतील. बनियन फाटकाच होता, आई. कापणी झालेलं भाताचं शेत दिसलं, नाक खाली धरलं आणि तीन उड्या मारून, बांधावर चाक वाकवून थांबलो. शेतातल्या बाई विळा घेऊन आल्या, विमानाला एक फेरी मारली आणि म्हणाल्या, "पेट्रोल अयिपोयिंदा, सारू?" संपलं का म्हणून. मी झाकण उघडलं. फुस्स करून हवा आत गेली. टाकी अर्ध्याहून जास्त भरलेली होती. प्लास्टिक मी खिशात घातलं.

फोन केला तसे मेकॅनिक धावत आले, मला मिठी मारून रडले. मग इंजिन फिरवलं, तर पहिल्याच फेऱ्यात सुरू. "कचरा फँसा होंगा, झटके से सरक गया. कारबोरेटर मैंइच साफ करा था साब. मेरीच गलती. आप मर जाते थे." मी म्हणालो, जाने दो. साहेबांचं मन किती मोठं, असं ते आता सगळ्यांना सांगतात. पण त्या दिवसापासून त्यांनी कुठल्याच इंजिनाला हात लावलेला नाही. गिऱ्हाईक आलं की, "नक्को बाबा, दुसरे कने जाओ." काल गेलो तर स्टुलावर बसून स्वतःची बोटं बघत होते. मला लाज वाटली, आई, आणि तरी मी चहा पिऊन परत आलो.

खरं काय ते त्यांना तोंडाने सांगणं जमत नाही तर लिहून देऊ, म्हणून आज कागद घेऊन बसलो. त्यांना उर्दू वाचता येते आणि उर्दू लिहायला तर तूच मला शिकवलं होतंस. आता पाहतो, तर दोन पानं मराठीत भरली आहेत. सवयीने झालं, असं म्हणणार होतो. पण वर "आई" लिहिलं तेव्हाच मला माहीत होतं की हे त्यांना वाचता येणार नाही.