चि. नत्थूजी आणि स्व. धनंजय

सेलू, एप्रिल २००५

श्रीमान वासुदेवराव यांस, सेलूकर जावई प्रभाकर याचा सप्रेम नमस्कार. आपली कंबर, वहिनींची शुगर आणि नागपूरचं ऊन तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा करतो. (इथवर पत्रिकेवानी शुद्ध लिवलं. आता बोलतो तसं लिवतो.)

पह्यले सांगून टाकतो, आमच्या पोरीचं, काजलचं साक्षगंध काल झालं, धनंजयनं तिच्या बोटात अंगठी घातली. सुटलो बुवा! तुमची बहीण काल पोटभर जेवली अन् माह्याशी बोललीही. कंबरेपायी तुमाले येता आलं नाई, म्हणून काय रामायण झालं ते तुमाले ठाऊक नाई. अन् त्या रामायणाचं मूळ तुमीच आहा, हे रागानं नाई, प्रेमानं सांगून राह्यलो.

तुमी हापिसातला जुना मॉनिटर देल्ला, वरून म्हणाले, "जावईबुवा, दोन पडदे लावा, काम दुप्पट होते." छपाईच्या दुकानात लावले. टेबलावर दोन टीव्ही ठेवल्यावानी दिसे. (चहाचा कप ठेवाले जागा उरली नाई, तो मांडीवर सांडला, ते वेगळं.) डाव्या पडद्यावर काजलच्या साक्षगंधाची पत्रिका, उजव्यावर आमच्या गल्लीतले नत्थूजी वारले, त्याईच्या तेरवीची. काम दुप्पट झालं की नाई माहीत नाई, मान मात्र दुप्पट दुखे. इकडं पाहा, तिकडं पाहा, अन् तो माऊसचा बाण कोणत्या पडद्यावर गेला ते पाहा! त्यात फोन वाजला. डावीकडं पाहून होणाऱ्या जावयाच्या नावाआधी 'चि.' मारलं, बाण होता उजवीकडं. मंग उजवीकडं पाहून नत्थूजीले 'स्व.' लावलं, तवर बाण डावीकडं आल्ता. दोन डोळे एका कामाले पुरत नाईत, अन् मी दोन कामं घेऊन बसलो!

पत्रिका वाटल्या. तुमाले तर माहीतच आहे, पत्रिका कोणी वाचत नाई, जेवणाची वेळ पाह्यतात. पण धनंजयच्या गावी, सिंदी मेघ्याले, त्याच्या शेजारच्या सुमित्राबाईनं वाचली: 'स्व. धनंजय यांचे साक्षगंध'. बाई पदर डोळ्याले लावून त्याईच्या घरी गेली. दार कोणी उघडलं? धनंजयनंच. बाई तिथंच मटकन खाली बसली, अन् तिले पाणीही त्यानंच देल्लं.

बंडूजी, म्हणजे धनंजयचे वडील, आमचे होणारे इवाई, तडक सेलूले आले. "पोरगा अजून बोहल्यावर चढला नाई, अन् तुमी त्याले डायरेक्ट वर पाठवून राह्यले? काऊन?" मी काय सांगू? दोन पडद्यांची गोष्ट सांगू गेलो तर म्हणे, "मले कॉम्प्युटर शिकवू नका. सोयरीक मोडली समजा." काजल आतल्या खोलीत रडे. वासुदेवराव, दुकान गेलं असतं तरी एवढं लागलं नसतं.

इकडं नत्थूजीच्या यशोदाबाई 'चि. नत्थूजी' वाचून भांडाले येतील म्हणून मी शटर अर्धं ओढून बसलो. त्या आल्या अन् म्हणाल्या, "बराबर छापलं रे बाबू. ब्याऐंशीचे झाले तरी जेवताना लहान पोरावानीच रुसत."

सोयरीक वाचवली ती धनंजयच्या आजीनं. रुख्माबाई म्हणाल्या, "अरे, जित्या माणसाच्या मरणाची आवई उठली की त्याचं आयुष्य वाढते. पोरीच्या बापानं आहेर देल्ला म्हणा!" आजीपुढं बंडूजीचं काय चालते? काल साक्षगंधात धनंजय माह्या पाया पडला तवा मी त्याले हात लावून पाह्यला, गरम होता. रडूच आलं मले.

मॉनिटर परत पाठवून राह्यलो. राग नको.

तुमचा,
प्रभाकर

ता. क. बंडूजीनं एक अट घातली. लग्नाची पत्रिका माह्या दुकानात छापायची नाई. अख्ख्या सेलूच्या पत्रिका मी छापल्या, अन् पोटच्या पोरीची नाई! पण मान्य केलं. तवा ती तुमी नागपूरले छापून घेजा.

ता. क. दुसरा. पत्रिकेच्या अगदी खाली बारीक अक्षरात छापणाऱ्याचं नाव असते. तिथं गुपचूप माह्या दुकानाचं टाकाले सांगजा. बंडूजीले चष्म्याशिवाय दिसत नाई. काजलले दिसते.