श्रोत्यांचा डावा कान

मालवण, मंगळवार

प्रिय नुरुद्दीन यास,

जयरामचा सप्रेम नमस्कार आणि सलाम. दोन्ही एकाच पाकिटातून पाठवतो आहे, जो आधी हाताला लागेल तो आधी घे. तुझी तब्येत उत्तम असेल, शमीमभाभींचा गुडघा आता जिना चढू देत असेल, नात अलीजा परीक्षेच्या कचाट्यातून सुटली असेल आणि तुझ्या अंगणातल्या आंब्याने यंदा तरी तुला तोंड दाखवलं असेल, अशी आशा करतो. इकडे आम्ही सुखरूप आहोत. कावेरी बरी आहे, मी बरा आहे. (यातलं शेवटचं वाक्य पूर्ण खरं नाही. पण पत्राच्या सुरुवातीला ते लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. दुरुस्ती पुढे येईल.)

आता तू म्हणशील, मालवणहून रेडीला फोन लागतो, मग हा चार पानांचा खटाटोप कशाला. तर त्याचं कारण मागचा फोन. तू अर्धा तास बोललास आणि मी अर्धा तास ‘हो हो’ म्हणालो. त्यातलं किती पोचलं ते विचारू नकोस. मी तेव्हा दोष लाईनला दिला, मग तुझ्या दोन्ही कानांतल्या यंत्रांना दिला, मग रेंजला दिला. दोष देण्यासारखं आणखी काय काय आहे ते शोधत होतो, पण यादी तिथेच संपली. म्हणून पत्र. कागदावरचं मला अजून स्वच्छ वाचता येतं.

मूळ विषयावर येतो. माझ्या धाकट्या भावाची मुलगी गौरजा, पुण्याला असते, ती पॉडकास्ट काढते आहे. (पॉडकास्ट म्हणजे रेडिओच. फक्त बातम्यांची वेळ झाली म्हणून मधेच कोणी थांबवत नाही, त्यामुळे माणसं फार बोलतात.) विषय: कानात सतत येणारा आवाज आणि कमी होत जाणारं ऐकू येणं. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी ऐकायचा कार्यक्रम, ही त्रुटी मी तिला तत्काळ दाखवून दिली. ती म्हणाली, काका, सगळं लेखीही देणार आहोत. मग म्हणाली, आपल्या जिल्ह्यातून जाणकार पाहुणे तुम्ही निवडून द्या, प्रत्येकाला स्वतः जाऊन भेटा, हे आठ प्रश्न विचारा, तुमच्याएवढी चिकित्सा दुसरं कोण करणार. खरं सांगतो, मला बरं वाटलं. तहसील कचेरीत पस्तीस वर्षं काढली, एकही कागद त्रुटी काढल्याशिवाय पुढे जाऊ दिला नाही, पण त्याला चिकित्सा म्हणणारी ही पहिलीच. कचेरीत त्याला दुसरा शब्द होता.

आणि आता ती दुरुस्ती. हे फक्त तुला सांगतो आहे, कावेरीला ठाऊक नाही. गेल्या गणपतीपासून माझ्या डाव्या कानात आवाज येतो. जुनी ट्यूबलाईट लागण्याआधी करते ना, तसा. फक्त ही लागायचं नाव घेत नाही. आणि त्या बाजूने कोणी बोललं तर ओठ हललेले दिसतात, बाकी गोळाबेरीज आपली आपण करायची. तेव्हा मनात म्हटलं, गौरजाचं काम आणि आपलं काम एकाच फेरीत होईल. जाणकार माणूस बोलेल, आपण ऐकून घेऊ, आणि कान कोणाचा हा प्रश्नच येणार नाही.

आधी गेलो कुडाळला, कान-नाक-घशाचे डॉक्टर केयूर यांच्याकडे. बाजाराचा दिवस निवडला, कारण त्या दिवशी मालवणचा माणूस कुडाळला दिसला तर कोणी का म्हणून विचारत नाही. डॉक्टर पोरगेलेसे, पण बोलणं गोड. मी गौरजाचा कागद काढून पहिला प्रश्न वाचला: कानात सतत आवाज येत असेल तर माणसाने काय करावं? ते म्हणाले, आधी तपासून घ्यावं. कोणत्या कानात येतो? मी म्हटलं, श्रोत्यांच्या डाव्या कानात. ते म्हणाले, कधीपासून? मी म्हटलं, साधारण गणपतीपासून. श्रोत्यांच्या? श्रोत्यांच्या. यावर त्यांनी पायाने एक स्टूल पुढे ओढलं आणि खणातून ते कानात बघायचं बॅटरीचं उपकरण काढलं. मी उठलो. डायरीत शेरा मारला: ‘उत्तर देण्याऐवजी स्वतःच प्रश्न विचारतात. मुलाखतीस अयोग्य.’

दुसऱ्या त्याच गावातल्या शर्मिष्ठा मॅडम. त्या ऑडिओलॉजिस्ट आहेत, म्हणजे कान किती ऐकतो ते यंत्रावर मोजतात. बाई अतिशय सुस्वभावी. म्हणाल्या, नुसतं विचारून काय समजणार काका, आत बसून बघा, म्हणजे श्रोत्यांना नीट सांगता येईल. मला यात काही खोट दिसली नाही. कपाटाएवढी एक खोली, चारी बाजूंनी गादीसारखं अस्तर, पुढे काच, काचेपलीकडे त्या. डोक्यावर हेडफोन घातला, हातात बटण दिलं आणि सांगितलं, आवाज आला की दाबायचं. दार लागलं. मी दाबायला सुरुवात केली. सारखा दाबत होतो. इतका नियमाने दाबत होतो की मला वाटलं, पैकीच्या पैकी गुण मिळतात की काय. तेवढ्यात मॅडमनी दार उघडलं आणि हळूच म्हणाल्या, काका, मी अजून सुरूच केलेलं नाही.

नुरुद्दीन, तिथे मला भीती वाटली. बाहेर कसं, गाड्या असतात, कावळे असतात, समुद्र असतो, त्या गडबडीत हा आवाज थोडा मागे राहतो. त्या खोलीत तो आणि मी दोघेच होतो. आणि मला बाबा आठवले. तू त्यांना ओट्यावर बसलेलं पाहिलं आहेसच. त्यांना ऐकू येईनासं झालं तेव्हा आधी आम्ही मोठ्याने बोललो, मग थोडक्यात बोललो, आणि मग ‘काही नाही’ म्हणू लागलो. काय झालं रे? काही नाही बाबा. कोण इला होता? कोणी नाही. आठ वर्षं आम्ही त्या माणसाला ‘काही नाही’ एवढंच सांगितलं. घरात लग्न ठरलं तेही त्यांना पत्रिका हातात पडल्यावर कळलं. आम्ही काही वाईट मुलगे नव्हतो रे, कंटाळलो होतो इतकंच. आता माझी पाळी आली आहे असं त्या काचेच्या आत वाटलं, आणि मी हेडफोन काढून ठेवला, मॅडमना चहा नको म्हटलं आणि एसटीत येऊन बसलो. शेरा: ‘जागा कोंदट.’

तिसरे आरोंद्याचे बाबू वैद्य. यांच्याकडे मी मुद्दाम गेलो, कारण हा माणूस काही झालं तरी आपल्याला डॉक्टरकडे धाडणार नाही याची मला खात्री होती. खाडीच्या काठाला घर, अंगणात सुकत घातलेल्या मुळ्या, एकूण वातावरण भरवशाचं. मी प्रश्न वाचायच्या आधीच त्यांनी माझी मान धरून उन्हाकडे वळवली, कानात डोकावले आणि म्हणाले, ‘मळ नाय. ह्या माझ्याकडचा काम न्हय. कुडाळाक एक बाई आसा, थंय जा.’ वैद्यच असं बोलू लागले तर जायचं कुठे? शेरा: ‘स्वतःच्या शास्त्रावर विश्वास नाही.’

एवढं झाल्यावर गौरजाचा फोन आला. म्हणाली, काका, निदान एक नमुना म्हणून घरीच काहीतरी रेकॉर्ड करून पाठवा. आता तुला सांगायला नको, आपल्याकडे विहीर खणायची असो की स्कूटर घ्यायची असो, गाऱ्हाणं घातल्याशिवाय काही सुरू होत नाही. देवाला आधी सांगायचं, मग जगाला. म्हणून आमच्या देवळाचे मानकरी मंगेश यांना बोलावलं. ओटीवर पाट, पाटावर नारळ, तांब्याला टेकवून मोबाईल, शेजारचे पाच-सहा जण होकार द्यायला, आणि स्वयंपाकघराच्या दारात कावेरी. मंगेशनी हात जोडले, डोळे मिटले, आणि पुन्हा उघडले. म्हणाले, ‘कोणाच्या कानाचा गाराणा घालूचा?’ मी म्हटलं, सगळ्यांच्याच. ते म्हणाले, ‘तसा चलाचा नाय. देवाक नाव लागता. नाव नसलेल्या अर्जाचा तुम्ही काय करी होतास?’

नाव नसलेले अर्ज परत करण्यात माझी हयात गेली. सगळे माझ्याकडे बघत होते, कावेरीही बघत होती. आणि माझ्या तोंडून तुझं नाव गेलं.

पुढचं मला थांबवता आलं नाही, मंगेश सुरू झाले. ‘बा देवा म्हाराजा, आज ह्यो तुझो लेकरू जयराम तुका सांगणा करता, त्येचो रेडीचो दोस्त नुरुद्दीन, त्येच्या कानात जो काय आवाज येता, तो जसो इलो तसो भायर काढ, आणि त्येका चार माणसांत बसान चार शब्द आयकाक येवंदे म्हाराजा.’ आणि सगळे एका सुरात, ‘व्हय म्हाराजा’. मंगेशनी तुझे दोन्ही कान घेतले, मग शमीमभाभींचा गुडघा घेतला (तो मी मागे कधीतरी त्यांच्याजवळ बोललो होतो), मग तुझ्या दर्यावरच्या नोकरीतली सगळी बंदरं घेतली. चौदा मिनिटं. दर वेळी सगळ्यांत मोठ्याने ‘व्हय म्हाराजा’ कावेरी म्हणत होती. गौरजाला रेकॉर्डिंग पाठवलं, तर ती पाहुण्यांबद्दल एक अक्षर बोलली नाही. एवढंच विचारलं, नुरुद्दीनकाका कसे आहेत?

ती एकटीच नव्हे. काल मच्छीमार्केटात दोघांनी तुझी चौकशी केली आणि एकाने तर मला लसणीचं तेल तुझ्यासाठी दिलं आहे. ते मी घरी ठेवून घेतलं आहे, वाईट वाटून घेऊ नकोस.

गौरजाने भरून मागितलेल्या तक्त्यात ‘निवड झालेले तज्ज्ञ’ असा रकाना होता. त्यात कचेरीच्या पद्धतीप्रमाणे ‘निरंक’ (म्हणजे कोणीच नाही) लिहून मोकळा झालो. इथेच थांबतो. थोरांना नमस्कार लिहावा म्हटलं तर आता थोर आपणच उरलो, तेव्हा तो तुझा तू घे. धाकट्यांना आशीर्वाद. शमीमभाभींना सांग, गुडघ्याबद्दल देवाला कळवलं आहे.

तुझा,
जयराम

ता. क. तुला न विचारता तुझं नाव घातलं, हे चुकलं. तू यंत्रं लावायला लागलास तेव्हा मी चारचौघांत तुझी जी थट्टा केली होती, तीही चुकलीच. तू हसलास म्हणून मी तेव्हा विषय सोडून दिला. मला माफ कर.

ता. क. दुसरा. खरं काम हे: पुढच्या गुरुवारी अकरा वाजता शर्मिष्ठा मॅडमकडे वेळ घेतली आहे. त्यांच्या वहीत नाव तुझं दिलं आहे. कावेरीलाही मी तुझ्याच सोबतीला जातो आहे असं सांगितलं आहे, तिचा फोन आला तर हो म्हण. तू कुडाळला ये. तुझं नाव पुकारलं की आपण दोघे उठू, आणि आत मी जाईन. तू बाहेर बस, पण काचेतून मला दिसशील असा बस. बाकी काही बोलायची गरज नाही.

(याखाली वेगळ्या शाईत:)

नुरुद्दीनभाई, नमस्कार. पाकीट पोस्टात टाकूक माझ्याकडे दिल्यानी, म्हणान वाचलंय. गौरजाक जाणकार माणसा पुण्यातच कधीची गावली हत. ह्या काम काकाक दी म्हणान मीच तिका सांगितलंय. स्वतासाठी डॉक्टराकडे जावा म्हटला तर ह्ये जावचे नाय, दुसऱ्याच्या कामाक मात्र दहा दारा फिरतले, ह्या माका ठावक होता. फिरले. आणि सगळ्या दारांतसून परत इले. मॅडमच्या वहीतला तुमचा नाव मी फोन करून बदलून घेतलंय, पण तुम्ही येवा मात्र नक्की. मीय येतंय. ह्येंका आधी सांगा नकात, नायतर गुरुवारी ह्येंका ताप येतलो. गणपतीपासून म्हणान लिवल्यानी हा ना, ता खरा न्हय. दोन वर्सा झाली, रस्त्यान चलताना मी ह्येंच्या उजव्या बाजूकच ऱ्हवतंय. ह्येंका अजून कळूक नाय.
कावेरी