कासवाला विचारलं का?

सोमवार, ६ जानेवारी

दुसरीच्या वर्गाला आज कासवाची गोष्ट सांगितली. ससा टेकडीवर राहतो, कासव खाली तळ्याकाठी. सशाचा वाढदिवस आहे, कासवाला चढता येत नाही. गोष्ट तिथंच थांबवली. पुढची मुलांनी बनवायची – खोकी, सुतळी, रिकामी रिळं, आइस्क्रीमच्या काड्या. वेळापत्रकात तासाचं नाव ‘अभियांत्रिकी रचना’ आहे. मुलं म्हणतात ठोकाठोकीचा तास. मुलांचं जास्त खरं आहे.

नियम एकच: आधी गिऱ्हाइकाशी बोलायचं, मग कात्री उचलायची. गिऱ्हाईक म्हणजे कापडी कासव. त्याच्या वतीनं मी बोलतो, जाड आवाजात. कासव खोटं बोलत नाही, हेही ठरलेलं आहे.

कासव आईनं शिवलं. शिवताना विचारत होती, तळ्यावर त्याचं कोण कोण आहे. म्हटलं, गोष्टीत तसं काही नाही.

मंगळवार, ७ जानेवारी

भावाचा फोन. विषय तोच – आईला आमच्याकडे पाठव. त्याचं घर तळमजल्यावर, पुढं अंगण, आईची दोन नातवंडं. इथं तिसरा मजला, लिफ्ट नाही आणि आईचे गुडघे गेलेले. गेल्या उन्हाळ्यापासून ती खाली उतरलेलीच नाही.

मी म्हटलं, आई इथं रमलीय. प्रश्न जिन्याचा आहे, तो जिन्यातच सोडवायचा. प्रत्येक वळणावर भिंतीला दुमडती बैठक लावतोय, दुसऱ्या बाजूनंही कठडा. भाऊ म्हणाला, रविवारी गाडी घेऊन येतो, एकदाचा सोक्षमोक्ष लावू. येऊ दे!

बुधवार, ८ जानेवारी

जिना मोजला. पायऱ्या सारख्या उंचीच्या नाहीत. बांधणाऱ्याला काय घाई होती कोण जाणे.

गुरुवार, ९ जानेवारी

मुलांनी कासवाला प्रश्न विचारले. वजन किती? उंचावर चक्कर येते का? पोटाला दोरी बांधली तर चालेल का? वर्गात एक कंत्राटदार आहे – स्वतः काडी उचलत नाही, उंटावरून शेळ्या हाकतो. त्यानं विचारलं, घाई आहे का? कासव म्हणालं, आजवर कधीच नव्हती. वर्ग हसला.

कापडी कासव फार हलकं आहे. कसलाही पाळणा त्याला वर नेईल, मग चाचणीला अर्थ काय? घरी आणून पोट उसवलं, नटबोल्ट भरले. आईनं पुन्हा टाके घातले. म्हणाली, बिचाऱ्याला जड केलंस.

शुक्रवार, १० जानेवारी

चाचणी. चार गटांच्या चार कप्प्या. दोघांची सुतळी तुटली, एकाची टेकडीच कासवावर आडवी झाली. कंत्राटदाराच्या गटाचा पाळणा अर्ध्यावर अडकला, तर तो म्हणाला, काम चालू आहे.

शेवटी शेपूट. रांगेत कायम शेवटची असते म्हणून हे नाव, तिलाही आवडतं. तिनं एकटीनं केलं होतं. कप्पी नाही, दोरी नाही. टेकडीवरून तळ्यापर्यंत गुळगुळीत पुठ्ठ्याची घसरगुंडी, आणि वर ससा, केक घेऊन!

मी म्हटलं, हे उलटं झालं. आपल्याला कासवाला वर न्यायचंय.

‘पण त्याला वर यायचंय का? ते कुणी विचारलंच नाही, सर.’

मग तिनंच कासवाला विचारलं. सगळा वर्ग माझ्या तोंडाकडे बघायला लागला. गोष्ट मी रचली, कासव मीच, आणि उत्तर मला माहीत नाही! शेवटी म्हटलं, कासव झोपलंय, सोमवारी सांगेल. कंत्राटदार म्हणाला, ही चीटिंग आहे. बरोबर होतं त्याचं.

घरी येईपर्यंत राग होता. कशाचा, ते नीट कळलं नाही.

शनिवार, ११ जानेवारी

बैठका लागल्या. प्रत्येकीवर बसून पाहिलं, पाय उचलून सगळा भार टाकून पाहिला. हलत नाहीत. काम चोख झालंय. वर येऊन आईला म्हटलं, चल, दाखवतो. ती म्हणाली, बघू, आणि कणीक मळायला घेतली. काल आईला विचारायला तोंडाशी आलेला प्रश्न आजही तोंडातच राहिला. जेवताना नेहमीसारखी तिनं शाळेतली गंमत विचारली. घसरगुंडीचं सोडून बाकी सगळं सांगितलं.

रविवार, १२ जानेवारी

भाऊ यायच्या आत विचारलं. सरळच – आई, तुला इथं राहायचंय का?

तिनं चष्मा काढून पदराला पुसला. ‘मला केव्हाचंच खाली जायचंय रे. पण मी गेल्यावर तू बोलणार कुणाशी? म्हणून राहिले.’

बैठका कामी आल्या. आई प्रत्येक वळणावर टेकत टेकत खाली भावाच्या गाडीपर्यंत उतरली. वर येताना मीही एकीवर बसलो, बराच वेळ.